शेडला दहा फुटी पडवी काढायची आहे, भिंतीला अँगल मारून चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात रानातल्या वस्तीवर 30 बाय 20 फुटांची शेड आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, भिंतीची उंची 10 फूट, वर दोन पाख्यांचं पत्र्याचं छप्पर. आत खत, औषधं, पंप, पाइपा. आता जागा पुरेना, म्हणून लांब बाजूला 10 फूट रुंदीची, तिन्ही अंगांनी उघडी पडवी काढायची आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि वैरण तिच्याखाली लावायची. मिस्त्री म्हणतो, भिंतीत अँगल ठोकू, बाहेरून चार पाइप उभे करू, वर पत्रा टाकू, दोन दिवसांत काम संपतं. हे चालेल का आणि काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

पत्र्याचं आणि लोखंडाचं वजन तुमची भिंत आरामात पेलेल, मिस्त्रीचं तेवढं बरोबर आहे. पण पत्र्याची उघडी पडवी वजनानं खाली बसलेली मी क्वचित बघितली. ती वाऱ्यानं वर उचलली जाते. म्हणून या कामात पहिला विचार छप्पर खाली धरून कसं ठेवायचं याचा करायचा, उभं कसं करायचं हा नंतरचा. माझा सल्ला स्पष्ट आहे: पडवी भिंतीला लटकवू नका. बाहेरच्या बाजूला चार खांब घेताय तसेच भिंतीला लागून आतल्या बाजूलाही चार खांब घ्या. पडवी शेडला खेटून असू दे, पण तिचा भार आणि तिची ओढ दोन्ही तिच्या स्वतःच्या पायात जाऊ द्या. चार पाइप आणि चार खड्डे वाढतात, पण या कामात सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच आहे.

याचं कारण आकड्यांत सांगतो. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग. त्यात आपल्या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात, म्हणजे ताशी साधारण 140 किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येईल अशा झोताचा हा वेग आहे, आणि छप्पर उडायला एक झोत पुरतो. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 93 किलो होतो. बंद खोलीवर वारा आला तर तो वरून नुसता ओढतो. तुमच्या पडवीत तो तीन बाजूंनी आत शिरणार, समोर शेडची भिंत असल्यामुळे पुढं जायला वाट नाही, मग तो छत्रीत शिरावा तसा पत्र्याला खालून वर ढकलणार. त्याच वेळी वरून ओढ असतेच. ढोबळ हिशेबासाठी पूर्ण दाब वरच्या दिशेनं लागतो असंच धरा.

30 बाय 10 म्हणजे 300 चौरस फूट, साधारण 28 चौरस मीटर. त्यावर वर उचलणारा जोर झाला 2600 किलो. पत्रा आणि सगळा सांगाडा मिळून वजन भरेल 600 ते 650 किलो. म्हणजे उरलेले जवळजवळ दोन टन कुणीतरी खाली धरून ठेवायचे आहेत. पडवी भिंतीला लटकवली तर त्यातला अर्धा, म्हणजे एक टन, भिंतीतल्या बोल्टांवर येतो.

आता भिंतीचं बघा. अँगल लागणार वळचणीच्या जरा खाली, भिंतीच्या माथ्यापासून फूटभरावर. त्याच्यावर विटांचे जे तीन-चार थर राहतात त्यांचं 30 फूट लांबीत वजन होतं साधारण 1200 किलो. म्हणजे उचलणारा जोर आणि त्याला दाबून ठेवणाऱ्या विटा जवळपास तोडीस तोड. त्यात भिंतीवर जुनं छप्परही बसलंय, आणि वारा आला की तेही वरच ओढतं. मातीच्या विटेत ठोकलेला फास्टनर चार वर्षांनी किती पकड ठेवतो, हे ज्यानं जुनी भिंत फोडलीय त्याला माहीत आहे. हातकणंगले तालुक्यात वळवाच्या पावसानंतर मी एक पडवी बघायला गेलो होतो. पत्रा, आडव्या पाइपा, अँगल असं सगळं एकसंध उचलून शेजारच्या उसात जाऊन पडलं होतं. पत्र्याचा एक स्क्रू निघाला नव्हता, वेल्डिंग कुठं तुटलं नव्हतं. अँगलला बोल्ट तसेच होते आणि प्रत्येक बोल्टाला विटेचा मुठीएवढा तुकडा चिकटून आला होता. मालक पत्र्याला दोष देत होते. पत्र्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

भिंतीच्या माथ्याला सलग आरसीसी पट्टा असेल तर गोष्ट थोडी वेगळी. मग चार फुटांपर्यंतचं छज्जासारखं छप्पर ब्रॅकेटवर काढायला माझी हरकत नाही, बोल्ट मात्र भिंतीच्या आरपार आणि आतल्या बाजूला पट्टी घेऊन. दहा फुटांना ते चालणार नाही.

स्वतंत्र खांबांचं दुसरं कारण जमिनीत आहे. तुमची शेड बांधून काही वर्षं झालीत, तिचा पाया बसायचा तेवढा बसला. नवे खड्डे आणखी बसणार. रान काळं असेल तर ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एक बाजू भिंतीला जखडलेली आणि दुसरी या मातीवर, मग ओढाताण होऊन भिंतीला तडा जातो नाहीतर सांध्यातून गळती सुरू होते. दोन्ही वेगळं ठेवलं की आपापलं हलतं, कुणाला काही होत नाही.

आता बाजू कोणती, हा विचार तुमच्या प्रश्नात नव्हता, पण तो खांब उभे करायच्या आधीच व्हायला पाहिजे.

लांब बाजूला पडवी काढली तर मोठ्या छपराच्या त्या पाख्याचं सगळं पाणी पडवीवर येणार. 300 चौरस फूट जुनं आणि 300 नवं, म्हणजे 56 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटरची सर धरली तर तासाला 2800 लिटर पाणी तुमच्या पन्हळीत. करवीरचं हे झालं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं कोणी हे करणार असेल तर तिथल्या पावसाला मी यापेक्षाही मोठी पन्हळ आणि दोन्ही टोकांना उतरणारे पाइप घ्यायला सांगेन.

दुसरी अडचण उंचीची, आणि तिच्यामुळं बऱ्याच पडव्या वाया जातात. तुमची भिंत 10 फूट. पत्रा बाहेर आलाय तिथं वळचणीचं टोक 9 फूट 8 इंचांच्या आसपास असेल. नवा पत्रा त्याच्याखाली घ्यायचा, म्हणजे 9 फूट 4 इंचांवर सुरुवात. सात फुटाला एक फूट उतार धरला तर दहा फुटांत 17 इंच खाली येतो. बाहेरच्या कडेला पत्रा राहिला 7 फूट 11 इंचांवर. त्यातून पत्र्याखालची आडवी पाइप आणि तिच्याखालचा राफ्टर, म्हणजे खांबावरून उताराच्या दिशेनं जाणारी पाइप, मिळून सहा-सात इंच वजा करा. हातात उरतात सव्वासात-साडेसात फूट. छत लावलेला ट्रॅक्टर यात शिरणार नाही, आणि वैरण भरलेली ट्रॉली तर नाहीच. तेव्हा आधी टेप घेऊन ट्रॅक्टर मोजा, छतासकट. त्यात एक फूट वाढवा. तेवढी मोकळी उंची बाहेरच्या कडेला मिळते का बघा.

मिळत नसेल तर काही जण उतार कमी करतात. एकाच लांबीचा, मधे जोड नसलेला धातूचा पत्रा असेल तर दहाला एक उतार चालून जातो, त्याच्या खाली जाऊ नका. सिमेंटच्या पत्र्याला हा उतार अजिबात पुरत नाही, त्याला तीनाला एकच्या आसपास लागतो. काही जण नवा पत्रा जुन्या वळचणीच्या वरून सुरू करतात. ते करू नका, कारण मग मोठ्या छपराचं पाणी नव्या पत्र्याखाली, म्हणजे थेट पडवीत गळतं. आणि पत्र्याचा उतार उलटा, भिंतीकडं घेण्याची कल्पना कुणी सुचवली तर तिथंच नको म्हणा. भिंतीलगतच्या पन्हळीत एकदा पाला अडकला की पाणी भिंतीत मुरायला लागतं.

मला विचाराल तर ट्रॅक्टरसाठी शेडच्या आखूड बाजूचा विचार करा, जिथं भिंत वर त्रिकोणी होते. तिकडं मोठ्या छपराचं पाणी येत नाही. जुन्या पत्र्याची बाहेर आलेली कड भिंतीलगत कापून घेतली की नवं छप्पर हवं तेवढं उंच नेता येतं, कारण खांब स्वतंत्र आहेत. लांबी 20 फूटच मिळते, पण रुंदी 12 फूट घेऊन ट्रॅक्टर आणि अवजारं तिथं बसतात. लांब बाजूची पडवी मग वैरण, शेणी आणि रिकाम्या ट्रॉलीला ठेवा. दोन्ही एकदम करायला पैसे नसतील तर आखूड बाजू आधी करा.

दिशेचंही बघा. आपल्याकडं पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि पाऊस तिरका मारतो. पडवी पश्चिमेला उघडी असेल तर दहा फुटांतले पाच फूट ओलेच राहतील. शेडच्या पूर्वेला काढली तर शेडची भिंतच आडोसा देते. जागा पश्चिमेलाच असेल तर त्या अंगाला वरून तीन फुटांचा उभा पत्रा सोडतात, पण मग वाऱ्याला आणखी एक पंख मिळतो, तेव्हा त्या ओळीचे खड्डे मोठे घ्या. वळवाचं वारं कुठून येईल याचा नेम नाही, म्हणून उचलण्याचा हिशेब सगळ्या बाजूंना तोच धरायचा.

जुन्या आणि नव्या पत्र्याच्या सांध्याकडं या. लांब बाजूला नवा पत्रा जुन्या वळचणीखाली किमान नऊ इंच आत गेला पाहिजे. आत गेलेल्या कडेला पत्र्याचा सपाट भाग पक्कडीनं इंचभर वर वळवून घ्या. वारा पाण्याला पत्र्यावरून मागं ढकलतो, ते पाणी या वळवलेल्या कडेला अडून परत खाली येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पत्रा वर चढवायच्या आधी जमिनीवरच करायचं. दोन्ही पत्र्यांच्या मधे तीन-चार इंच फट राहील. ती झाकायला पट्टी लावली तर एकाच पत्र्याला स्क्रू मारा, दोन्हीला नको, नाहीतर स्वतंत्र ठेवलेल्या दोन गोष्टी पुन्हा बांधल्या जातात. आखूड बाजूला भिंतीत इंचभर खोल खाच मारून त्यात पट्टी बसवतात. तिथं ओला सिमेंट माल भरू नका. झिंक-ॲल्युमिनियमचा लेप असलेल्या पत्र्याला ओलं सिमेंट खातं. भिंतीसाठीचं चांगलं सीलंट वापरा.

आणखी एक गोष्ट, जी काम घेणारा सहसा सांगत नाही. पडवी झाल्यावर भिंतीवर आदळणारा वारा पत्र्याखाली कोंडून त्या फटीतून वर जाणार, आणि तिथं जुन्या छपराची वळचण आहे. आजवर तिला इतका खालून मार नव्हता. म्हणून पडवीच्या आधी त्या बाजूच्या जुन्या छपराचे हुक बघून घ्या. गंजलेले बदला, कडेच्या ओळीत स्क्रू वाढवा.

खड्ड्यांना मी सगळ्यात जास्त वेळ देतो. दोन टनांची ओढ आठ खांबांत वाटली की मधल्या खांबाला सव्वातीनशे किलो येते, कोपऱ्याच्या खांबाला त्याच्या निम्मी. पण कोपऱ्यावर आणि कडेला वाऱ्याची ओढ प्रत्यक्षात जास्त असते, म्हणून आठही खड्डे सारखेच घ्यावेत. दीड फूट बाय दीड फूट आणि तीन फूट खोल खड्ड्यात पावणेसात घनफूट काँक्रीट बसतं, त्याचं वजन होतं साधारण 460 किलो. ओढीपेक्षा हे वजन जास्त आहे, वर बाजूच्या मातीची पकड मिळते. मुरमाच्या रानात एवढं पुरतं. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या लाल मातीत किंवा जांभ्यातही पुरतं. काळ्या रानात मुरूम लागेपर्यंत खाली जा, चार फूट जावं लागलं तरी, आणि तळाला खड्डा वरच्यापेक्षा रुंद करा. शिरोळकडं पंचगंगा-कृष्णाकाठच्या रानात काळी माती फार खोल असते, तिथं इंजिनिअरला खड्डा दाखवल्याशिवाय काँक्रीट ओतू नये.

पाइप सरळ काँक्रीटमध्ये रोवायची पद्धत गावोगावी आहे. मला ती पटत नाही. पाइप जमिनीत जिथं शिरते तिथं ओल, शेण आणि खताचं पाणी साचतं आणि पाइप तेवढ्याच जागी खाऊन जाते. वरून रंग दिसतो आणि जमिनीलगत बोट आत जातं. त्यापेक्षा काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या फूटभर वर आणा, त्यात 16 मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट, दीड फूट लांबीचे, खाली वाकवलेले, आणि वर आठ बाय आठ इंचांची 10 मिलिमीटर जाड बेस प्लेट. ट्रॉलीचा धक्का लागला तरी तो चौथऱ्याला लागतो, पाइप वाचते. बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना प्लायवूडच्या तुकड्याला प्लेटप्रमाणे भोकं पाडून त्यातून बोल्ट धरा. नुसत्या अंदाजानं बोल्ट रोवले की प्लेट बसत नाही, मग मिस्त्री गॅसनं भोक मोठं करतो आणि वॉशर ठोकून वेळ मारून नेतो. आठवडाभर पाणी मारल्याशिवाय खांब उभे करू देऊ नका. दोन दिवसांत काम संपतं असं जे तुम्हाला सांगितलंय त्यात हा आठवडा धरलेला नाही.

सांगाड्याची मापं तुमच्या पडवीपुरती देतो, खांब दहा-दहा फुटांवर धरून. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. खांब 72 बाय 72 ची चौकोनी पाइप, 3.2 मिलिमीटर जाडीची. राफ्टर 96 बाय 48, जाडी 3.2, उभ्या बाजूनं. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाइपा, 60 बाय 40, जाडी 2.9, साडेतीन फुटांहून जास्त अंतर नको. पर्लिनची पाइप 20 फुटी येते, ती दोन गाळ्यांत (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक गाळा) सलग जाऊ द्या आणि सगळे जोड एकाच राफ्टरवर आणू नका. जाडी महत्त्वाची आहे. तेच माप दीड-दोन मिलिमीटरमध्येही मिळतं, बाहेरून फरक दिसत नाही. पाइपेचं टोक कापलेलं असतं तिथं कॅलिपर लावून बघा. उघड्या पाइपांची वरची तोंडं पट्टी लावून बंद करा, पाणी आत साठून आतून गंज चढतो.

भिंत नसल्यामुळं हा सांगाडा बाजूला डुलतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खांबाच्या डोक्याला दोन फुटांचा तिरका अँगल पाहिजे, राफ्टरच्या दिशेनंही आणि लांबीच्या दिशेनंही. टोकाच्या गाळ्यांत पत्र्याखाली 12 मिलिमीटरच्या सळईची फुली मारा. काम झाल्यावर खांबाला खांद्यानं रेटा देऊन बघा, डुलणं लगेच कळतं.

पत्रा 0.5 मिलिमीटरचा रंगीत लेपाचा घ्या, वरपासून खालपर्यंत एकाच लांबीचा, साडेअकरा फुटी कापून आणा. वळचणीखालचे नऊ इंच आणि बाहेरची थोडी कड त्यात बसते. पत्रे बसवायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याकडं येत नाही. स्क्रू मधल्या पर्लिनवर एकाआड एक चालतील. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पर्लिनवर मात्र प्रत्येक उंचवट्याला एक हवा, कारण पत्रा उलगडायला सुरुवात कडेपासून होते. स्क्रू आवळताना रबराच्या वॉशरकडं बघा. वॉशर पत्र्याला पुरता टेकून कडेनं जरासा फुगला की थांबायचं. मशीन तसंच दाबून धरलं तर रबर पिळवटून बाहेर येतं, उन्हात दोन वर्षांत तडकतं आणि तिथूनच गळायला लागतं. सैल राहिला तर पहिल्याच पावसात गळतो. संध्याकाळी खाली उतरायच्या आधी पत्र्यावरचा लोखंडाचा कीस मऊ झाडूनं झाडून काढायला लावा. रात्रीच्या दहिवरात तो गंजतो आणि नव्या कोऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उठतात, पुढं लेपही तिथूनच जातो.

रंग पत्रा चढवायच्या आधी द्या. पर्लिनची वरची बाजू एकदा पत्र्याखाली गेली की तिला ब्रश लागत नाही. वेल्डिंगच्या जागी आधी ग्राइंडरनं काळी खपली काढून लगेच रेड ऑक्साइड, मग वरचा रंग. पाइपेच्या खालच्या अंगाचं वेल्डिंग मिस्त्री विसरतो, ते आरसा धरून बघितलं तरी चालेल.

पन्हळ सहा इंची, दर तीन फुटांवर आधार. तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल, पडवीत येणार नाही. उतरणारा पाइप चार इंची, आणि पाणी चौथऱ्यापासून लांब न्या. विहीर किंवा शेततळं जवळ असेल तर तिकडंच वळवा. जमीन बाहेरच्यापेक्षा सहा इंच उंच करून मुरूम दाबून घ्या, उतार बाहेरच्या अंगाला. वैरण जमिनीवर टेकवू नका, दगडावर लाकडं टाकून रचा. खताची पोती पडवीत आणू नका. युरिया हवेतली ओल ओढतो, पाझरलं तर लोखंडही खातो. खत आतच ठेवा.

काम चालू असताना तीन गोष्टींवर स्वतः उभं राहून लक्ष द्या. वेल्डिंगच्या आधी वैरण, पाचट, रिकामी पोती शेडपासून लांब हलवा आणि पाण्याची पाइप हाताशी ठेवा. ठिणगी वाऱ्यानं कुठवर जाते याचा अंदाज येत नाही आणि आग तासाभरानंतरही धरते. वरून विजेची तार जात असेल तर काम सुरू करायच्या आधी महावितरणच्या स्थानिक कार्यालयात सांगा. वीस फुटी पाइप उभी करताना ती तारेला लागते, आणि अशा कामातला सगळ्यात वाईट अपघात तोच. जुनं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यावर कुणालाही नुसतं चढू देऊ नका, पर्लिनवर फळी टाकून तिच्यावरूनच चालायचं. तो पत्रा न सांगता फुटतो. त्याला भोक पाडायचंच असेल तर पाणी मारून पाडा, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पडवीत दिवा किंवा बोर्ड घेणार असाल तर सांगाड्याला अर्थिंग आणि लाईनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच, बसवा. जनावर ओल्या अंगानं खांबाला घासतं, हे ध्यानात ठेवा.

पैशाचा नेमका आकडा मी देत नाही, लोखंडाचा दर महिन्याला बदलतो. वजन मात्र सांगू शकतो. वरच्या मापांनी आठ खांब, राफ्टर, पर्लिन, प्लेटा आणि तिरके अँगल मिळून लोखंड 450 ते 550 किलो भरेल. पत्रे नऊ ते दहा. आठ खड्ड्यांचं काँक्रीट दीड घनमीटर, म्हणजे सिमेंटची बारा-तेरा पोती. चौथऱ्यांना आणखी एक-दोन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जवळच्या गावात दोन-तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडून दर घ्या, पण चौरस फुटावर घेऊ नका, किलोवर घ्या, आणि पाइपेचं माप आणि जाडी कागदावर लिहून घ्या. चौरस फुटाच्या दरात लोखंड पातळ करूनच नफा काढता येतो. माल वजनकाट्यावरून आणायला सांगा. उसाच्या गावात काट्याची सवय सगळ्यांना आहे, इथंही तीच लावा.

पडवी गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत आधी विचारा, वाढीव बांधकामाची नोंद घरपट्टीत लागते. रान पंचगंगेच्या पूररेषेत येत असेल तर 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर असेलच. वैरण रचायची उंची आणि बोर्डाची उंची त्या खुणेच्या वर ठेवा. सांगाड्याला पुराचं पाणी फार त्रास देत नाही, उघडा असल्यामुळं ते आरपार जातं. पाणी ओसरल्यावर चौथऱ्यांभोवतीची माती वाहून गेलीय का एवढं बघायचं.

ऊस गेल्यावर लगेच खड्डे घ्या. एप्रिल उजाडायच्या आत पत्रा पुरा आवळून झाला पाहिजे, त्यानंतर वळीव केव्हाही येतो. काम मेपर्यंत लांबलंच तर संध्याकाळी अर्धवट स्क्रू मारलेला एकही पत्रा वर ठेवू नका. तेवढा आवळा नाहीतर खाली उतरवून दगड ठेवा.

सुरुवात एका खड्ड्यापासून करा. पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर तीन फूट खणा, काळी माती कुठं संपते आणि मुरूम कुठं लागतो ते टेपनं मोजा. त्याच फेरीत ट्रॅक्टरची छतासकट उंची आणि जुन्या वळचणीची उंची लिहून घ्या. ही तीन मापं हातात आली की बाजू कोणती घ्यायची आणि बाकीचे सात खड्डे किती खोल काढायचे हे नक्की करता येईल. मिस्त्रीला आगाऊ रक्कम त्यानंतर द्या.